बेअरिंग बदला म्हणणारे पुष्कळ, आधी डायल लावणारे हे

मिलिंग मशीनचा स्पिंडल (कटर धरून फिरवणारा दांडा) दुरुस्त करणाऱ्या कोल्हापूरच्या एका मिस्त्रींचा हा अनुभव. इचलकरंजीत माझं छोटं वर्कशॉप आहे. लूमचे सुटे भाग हे मूळ काम, आणि अलीकडे कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या एका पार्टीच्या फिक्स्चर प्लेटा (जॉब धरून ठेवायच्या पाट्या). त्या प्लेटांसाठीच जुनी एम१टीआर मिलिंग मशीन घेतली, आयएसओ ४० टेपरची (टेपर म्हणजे स्पिंडलच्या तोंडातली निमुळती बैठक, टूल तिथं बसतं). विकणाऱ्याने ड्रिल मारून दाखवलं होतं. ड्रिल मारताना कुठलीही मशीन चांगलीच दिसते.

६३ मिलिमीटरचा फेस कटर (सपाट पृष्ठ कापणारा) लावला की प्लेटवर रेघा. नख फिरवलं तर खरखर लागायची. माल परत यायला लागला. फोनवर विचारावं तर जो तो एकच सांगणार: बेअरिंग गेलंय, स्पिंडल काढून पाठवा. सेटचा भाव पंचवीस हजारांच्या पुढे, मजुरी वेगळी. मशीन बघितलेली नाही, आवाज ऐकलेला नाही, तरी निदान तयार! कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या मिस्त्रींच्या गाळ्यात फोन केला तेव्हा मात्र उलटा प्रश्न आला, "स्पीड किती, फीड किती, कटरला इन्सर्ट किती?" (फीड म्हणजे टेबल सरकायचा वेग, इन्सर्ट म्हणजे कटरचे बदलायचे दात.) तिथंच म्हटलं, याच माणसाला बोलवायचं.

मिस्त्री आले ते पपी डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक), मॅग्नेट स्टँड, टेस्ट मँड्रेल (टेपरात बसवून तपासायचा अचूक दांडा) आणि ब्लूची (पृष्ठ कुठं टेकतं ते दाखवणारा निळा रंग) ट्यूब घेऊन. पान्यांची पेटी गाडीतच राहिली. पहिलं काम म्हणजे माझ्याकडून एक पास मारून घेतला. टॅकोने (फेरे मोजणारं यंत्र) स्पीड बघितला, मिनिटाला ४०० फेरे. टेबलाची फीड मिनिटाला १६० मिलिमीटर. म्हणजे स्पिंडलच्या एका फेऱ्याला ०.४ मिलिमीटर, आणि कटरला पाच इन्सर्ट असल्याने दातामागे ०.०८. मग प्लेटवर स्टीलची पट्टी ठेवली, भिंग लावलं आणि १० मिलिमीटरमधल्या ठळक रेघा मोजायला बसले. भरल्या पंचवीस. "मालक, दाताची रेघ नाही ही, फेऱ्याची आहे. प्रत्येक फेऱ्याला एकच दात खोल लागतोय."

यापुढचं मला फार आवडलं. पाचातले चार इन्सर्ट काढले, एकच ठेवला, आणि फीड पाचपट कमी करून ३२ वर आणली, म्हणजे त्या एकट्या दातावर लोड तेवढाच राहिला. पुन्हा पास. प्लेट स्वच्छ, रेघा एकसारख्या बारीक. बेअरिंग ढिलं असतं तर स्पिंडल कुठंही हलला असता आणि एका दातानेसुद्धा वेडीवाकडी रेघ पडली असती. एकट्या दाताचं काम चांगलं आणि पाच दातांचं वाईट, याचा अर्थ पाच दात एका पातळीत फिरत नाहीत. कटर तिरका बसलाय. दुसऱ्या आर्बरवर (कटर धरणारा दांडा) दुसरा कटर चढवून बघितला, तरी तेच. म्हणजे दोष त्याच्याही वर.

टेपरच्या आत थेट डायल लावला तर ८ मायक्रॉनचा फरक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मँड्रेल चढवून ३०० मिलिमीटरवर लावला तर काटा १५० मायक्रॉन फिरला. मशीनच्या टेस्ट चार्टवर इथं साधारण २० मायक्रॉनची मुभा असते. मग मँड्रेल सोडून अर्धा फेरा फिरवून दुसऱ्या कीवर (स्पिंडलच्या तोंडावरची खुंटी) बसवला. उंच बाजू मँड्रेलबरोबर फिरली नाही, स्पिंडलच्या त्याच कीपाशी राहिली. मँड्रेल निर्दोष, टेपर गुन्हेगार. ब्लू लावून बघितल्यावर तर तोंडापासून बोटभर आत, एका बाजूला, एवढासा चकचकीत ठिपका. कुणीतरी कधीतरी टूल घसरवून तिथं ठेच आणली होती आणि धातू वर आला होता. मला बोट फिरवायला लावलं. आधी काहीच कळेना, मग नखाला अडकलं. पंधरा-वीस मायक्रॉन असेल, सिगारेटच्या कागदापेक्षाही पातळ. तेवढ्याने सगळा कटर कलला होता.

अर्धगोल ऑइल स्टोन घेऊन फक्त तो उंचवटा घासला. घाई अजिबात नाही: दोन-चार हात, पुसणं, ब्लू, मँड्रेल, परत. खड्डा तसाच ठेवला, त्याने काही बिघडत नाही म्हणाले. शेवटी ३०० वर २५ मायक्रॉन. पाच इन्सर्ट लावून पास मारला तर फेऱ्याच्या रेघा गेल्या.

वरच्या स्पीडला थोडी तिरकी लाट राहिली होती, तिचं अंतर फेऱ्याशीही जुळत नव्हतं आणि दाताशीही. बेल्ट उतरवून नुसती मोटर चालवली, थरथर नाही. बेल्ट चढवला की थरथर. मशीन बंद पडून राहिल्याने बेल्टला पुलीपाशी कुबड आलं होतं. नवा टाकला.

बेअरिंगचं विचारल्यावर त्यांनी लाकडी दांडक्याने स्पिंडल खालून दाबून उभा प्ले (ढिलेपणा) तपासला, ५ मायक्रॉन. अर्धा तास वरच्या स्पीडला चालवून स्पिंडलच्या नाकाला हात लावला, कोमट. "आवाज नाही, तापत नाही, कशाला उघडायचं?" बेअरिंग विकून कमाई झाली असती, तरी असं म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

बेअरिंगचं काम ते करतात कसं, हे पैसे द्यायला गाळ्यात गेलो तेव्हा बघितलं. एका व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) स्पिंडल उघडलेला होता. पी४ ग्रेडच्या (फार अचूक) अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची उंच बाजू खुणेने धरून स्पिंडलच्या उंच बाजूच्या समोर बसवत होते, म्हणजे एकाचा दोष दुसऱ्याने खावा. आतला आणि बाहेरचा स्पेसर (बेअरिंगमधलं अंतर राखणारी कडी) सरफेस ग्राइंडरवर एकाच बैठकीत घासलेले. ग्रीस मोकळ्या जागेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकं. आमच्याकडे ग्रीस गच्च भरायची पद्धत आहे आणि मग स्पिंडल तापला की कंपनीला शिव्या.

आता तक्रारी. दहाची वेळ दिली आणि आले दीडला, मधे फोन उचलला नाही. माझी दोन माणसं तोवर रिकामी. रीडिंग सगळे इन्सर्टच्या खोक्याच्या पाठीवर लिहून दिले, पार्टीला दाखवायला मला ते परत टाइप करावे लागले. ब्लूचे डाग टेबलावर, व्हाइसवर, चहाच्या कपावर. पक्क्या बिलासाठी गाळ्यातल्या मुलाच्या मागे लागावं लागतं. व्हिजिटचे दीड हजार आणि पेट्रोल आधीच सांगतात, त्यात घासाघीस चालत नाही, आणि मला ती करावीशी वाटली नाही.

बोलावणार असाल तर ज्या कटरने खराब येतंय तोच कटर, तेच इन्सर्ट आणि न घासलेला खराब जॉब तसाच ठेवा. इन्सर्ट अर्धे नवे अर्धे जुने असतील तर ते आधी तुम्हालाच झापतील. हेड ट्रॅम केलेलं (टेबलाला काटकोनात लावलेलं) आणि क्विल (स्पिंडल वरखाली नेणारी नळी) लॉक होत असलेली बरी, नाहीतर पहिला तास त्यातच जातो. दुपारचं जेवण मागतात, पांढरा रस्सा असेल तर काम संध्याकाळपर्यंत निवांत चालतं.