व्हिममध्ये आपोआप इंडेंट: चारपैकी कोणता पर्याय कुणासाठी?

व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये एंटर दाबल्यावर कर्सर पुढच्या ओळीत कुठे येऊन थांबावा, म्हणजे ओळ किती आत सरकावी (इंडेंट), हे ठरवणारे पर्याय चार आहेत: ऑटोइंडेंट, स्मार्टइंडेंट, सीइंडेंट आणि इंडेंटएक्सप्र. नव्याने व्हिम शिकणारा कुणाची तरी व्हिमआरसी, म्हणजे व्हिमच्या सेटिंगची फाइल उचलतो. तिच्यात पहिले तिन्ही पर्याय एकाखाली एक चालू केलेले असतात, आणि जितके जास्त तितकं इंडेंट नीट येईल असं त्याला वाटतं. तसं होत नाही, कारण या चौघांत उतरंड आहे. इंडेंटएक्सप्रमध्ये काही भरलेलं असेल तर सीइंडेंट आणि स्मार्टइंडेंट बाजूला पडतात. सीइंडेंट चालू असेल तर स्मार्टइंडेंटला कुणी विचारत नाही. म्हणून निवड करावीच लागते, आणि ती भाषा बघून करावी लागते.

घाईत असाल तर एवढंच करा: व्हिमआरसीत ‘फाइलटाइप प्लगिन इंडेंट ऑन’ ही ओळ घाला, ऑटोइंडेंट चालू ठेवा, आणि स्मार्टइंडेंटची ओळ असेल तर ती काढून टाका. असं का, ते आता एकेक करून बघू.

ऑटोइंडेंट: फक्त वरच्या ओळीची नक्कल

हा सगळ्यांत जुना, थेट व्हिमच्या पूर्वज व्ही-आय एडिटरपासून चालत आलेला. वरची ओळ जितकी आत आहे तितकीच नवी ओळ आत घ्यायची, एवढंच त्याचं काम. कंस, कीवर्ड, भाषा यांतलं त्याला काही कळत नाही. पण तो अंदाजच बांधत नसल्यामुळे त्याचा अंदाज चुकण्याचा प्रश्नही येत नाही. एक पायरी आत जायचं असेल तर इन्सर्ट मोडमध्येच कंट्रोल-टी, बाहेर यायचं असेल तर कंट्रोल-डी. या दोन कळा बोटांत बसल्या की यामल, मार्कडाउन किंवा कुठलीही कॉन्फिग फाइल लिहायला दुसरं काही लागत नाही.

सर्व्हरवर काम करणाऱ्यांना याचं मोल जास्त. उबुंटू किंवा डेबियनच्या आटोपशीर इन्स्टॉलेशनमध्ये बऱ्याचदा ‘व्हिम टायनी’ ही छोटी आवृत्ती असते. तिच्यात एक्सप्रेशन चालवण्याची सोयच नसते, त्यामुळे भाषेनुसार इंडेंट करणाऱ्या फाइली तिथे चालत नाहीत. ऑटोइंडेंट मात्र चालतो.

त्याची एक जुनी तक्रार सांगायला हवी. टर्मिनलमधून कोड पेस्ट केला की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा आणखी आत जाते आणि जिना तयार होतो. कारण साधं आहे: पेस्ट केलेला मजकूर व्हिमला टाइप केल्यासारखाच दिसतो, मग मूळच्या स्पेसवर ऑटोइंडेंटच्या स्पेस चढतात. व्हिम 8 पासून पेस्टची सुरुवात आणि शेवट टर्मिनलकडून कळतो, त्यामुळे आजच्या टर्मिनलमध्ये हा त्रास सहसा होत नाही. जुन्या मशीनवर झालाच, तर पेस्टआधी ‘सेट पेस्ट’ आणि नंतर आठवणीने ‘सेट नोपेस्ट’. आठवणीने अशासाठी की पेस्ट चालू असेपर्यंत ऑटोइंडेंट बंद असतो आणि टॅबच्या स्पेसही होत नाहीत.

स्मार्टइंडेंट: नाव मोठं, काम अर्धं

ओळीच्या शेवटी उघडणारा महिरपी कंस आला की पुढची ओळ आत, बंद होणारा कंस नव्या ओळीच्या सुरुवातीला टाइप केला की ती ओळ जोडीच्या कंसाच्या रेषेत. शिवाय इफ, एल्स, व्हाइल, डू, फॉर, स्विच या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळीनंतरही तो आत जातो. सी सारख्या दिसणाऱ्या भाषेसाठी हे ठीकच वाटतं. पण सी साठी सीइंडेंट कितीतरी चांगला आहे, आणि सी नसलेल्या भाषेत स्मार्टइंडेंट थेट आडवा येतो.

सगळ्यांत जास्त छळतं ते हॅश चिन्ह. नव्या ओळीत पहिलंच अक्षर ‘#’ टाइप केलं की स्मार्टइंडेंट त्या ओळीचं सगळं इंडेंट काढतो आणि चिन्ह पहिल्या रकान्यात नेऊन ठेवतो. सी मधल्या ‘#इन्क्लूड’ आणि ‘#इफडेफ’ या ओळी डावीकडे चिकटून असाव्यात, यासाठी ही सोय होती. पायथॉनमध्ये मात्र ‘#’ म्हणजे कॉमेंट. फंक्शनच्या आत, लूपच्या आत, आठ स्पेसवर कॉमेंट लिहायला जावं आणि ती उडी मारून डाव्या कडेला जाऊन बसावी. पुढची ओळ पुन्हा जागेवर येते, त्यामुळे कोड चालतो, पण वाचायला विचित्र दिसतो. वर ‘>>’ देऊन तो भाग आत सरकवायला गेलात तर ‘#’ ने सुरू होणाऱ्या ओळी हलतही नाहीत. शेल, रूबी, पर्ल, सगळीकडे हीच गत.

यावर उपाय म्हणून ‘#’ ची कळच बदलून घेण्याची युक्ती व्हिमच्या मदत-पानातच दिलेली आहे. पण जो पर्याय चालू ठेवण्यासाठी कळा बदलाव्या लागतात, तो चालू ठेवायचाच कशाला? चौघांपैकी हा एकच असा आहे, की आजच्या घडीला मी तो कुणालाच सुचवणार नाही.

सीइंडेंट: सी आणि त्याच्या भावंडांसाठी खरा जाणकार

सीइंडेंट नुसते महिरपी कंस बघत नाही. अर्धवट राहिलेलं विधान, न मिटलेला कंस, स्विचमधले केस, कॉमेंटचा पोटभाग हे सगळं त्याला ओळखता येतं. आणि आपल्या टीमची शैली त्याला ‘सिनऑप्शन्स’ मधून शिकवता येते. त्यातले दोन बदल बहुतेकांना लागतात. एक म्हणजे ‘:0’. मुळात केसच्या ओळी स्विचपेक्षा एक पायरी आत जातात. ‘:0’ दिलं की त्या स्विचच्याच रेषेत राहतात. लिनक्स कर्नलची शैली तीच आहे. दुसरा ‘(0’. फंक्शनचे आर्ग्युमेंट पुढच्या ओळीवर गेले की मूळ सेटिंगमध्ये ते दोन पायऱ्या आत येतात, ‘(0’ ने ते उघड्या कंसानंतरच्या पहिल्या अक्षराखाली येतात.

हा दुसरा बदल करण्याआधी मराठीत स्ट्रिंग लिहिणाऱ्यांनी थोडं थांबावं. कंसाखाली रेष जुळवायची म्हणजे आधीच्या अक्षरांची रुंदी मोजावी लागते, आणि देवनागरीतल्या मात्रा व जोडाक्षरं यांच्या रुंदीबाबत एडिटर आणि टर्मिनल यांचं एकमत असेलच असं नाही. ओळीत कंसाआधी मराठी मजकूर असेल तर खालची ओळ भलतीकडेच दिसू शकते. अशा कोडमध्ये ठरावीक पायऱ्यांचं इंडेंट बरं.

सी मध्ये इंडेंटला अर्थ नसतो असं म्हणतात. कंपायलरपुरतं ते खरं आहे, वाचणाऱ्यापुरतं नाही. 2014 च्या फेब्रुवारीत ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित जोडणीच्या) कोडमधली ‘गोटू फेल’ची चूक उघडकीला आली. एका इफखाली ‘गोटू फेल;’ ही ओळ दोनदा पडली होती, दोन्ही सारख्याच आत, आणि महिरपी कंस नव्हते. इफचा अंमल फक्त पहिल्या ओळीवर होता. दुसरी ओळ अट काहीही असली तरी चालायची आणि सहीची पुढची तपासणी टळायची. डोळ्यांना मात्र दोन्ही ओळी इफच्या पोटातच दिसत. तोच तुकडा व्हिममध्ये निवडा आणि सीइंडेंट चालू ठेवून ‘=’ दाबा: दुसरी ओळ सरकून इफच्या रेषेत येते आणि चूक उघडी पडते. पुढे 2016 मध्ये आलेल्या जीसीसी 6 या कंपायलरने अशा फसव्या इंडेंटसाठी वेगळा इशाराच दिला, आणि तो ‘-वॉल’ या नेहमीच्या इशाऱ्यांच्या गटात घातला. आपोआप इंडेंट ही नुसती नीटनेटकेपणाची सोय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा तुकडा एकदा हाताने करून बघावा.

सी च्या कुळाबाहेर मात्र सीइंडेंट नको. साध्या मजकुरात ओळ अर्धविरामाने संपत नाही, म्हणून त्याला विधान अर्धवट वाटतं आणि पुढची ओळ तो आत ढकलतो. हॅशची खोडही त्याला आहेच.

इंडेंटएक्सप्र: भाषेगणिक वेगळा नियम

हा पर्याय तुम्ही हाताने भरायचा नसतो. ‘फाइलटाइप प्लगिन इंडेंट ऑन’ केलं की व्हिम फाइलची भाषा ओळखतं आणि त्या भाषेची इंडेंट-फाइल चालवतं. पायथॉन, रूबी, एचटीएमएल, प्रत्येकाची फाइल वेगळी. गंमत म्हणजे सी साठीची फाइल मुख्यतः एकच काम करते: सीइंडेंट चालू करते. म्हणजे ही एक ओळ घातलीत तर सी मध्ये सीइंडेंट आपसूक मिळतो आणि पायथॉनमध्ये तो मधे येत नाही.

पायथॉनमध्ये फरक लगेच जाणवतो. अपूर्णविरामाने ओळ संपली की पुढची ओळ आत. ‘रिटर्न’, ‘पास’ किंवा ‘ब्रेक’ नंतर एक पायरी बाहेर. आणि कॉमेंट जिथल्या तिथे. पण एक खटका आहे. ओळ उघड्या कंसावर संपवून एंटर दाबलं की व्हिम मूळ सेटिंगमध्ये दोन पायऱ्या, म्हणजे आठ स्पेस आत जातं. फंक्शनची व्याख्या लिहिताना पेप 8 ला (पायथॉनच्या शैली-नियमांना) हे मान्य आहे, कारण आर्ग्युमेंट आणि फंक्शनचं अंग वेगळं ओळखू येतं. साध्या कॉलमध्ये ते जास्त वाटतं, आणि ब्लॅक हा फॉर्मॅटर (कोड आपोआप नीट मांडणारा प्रोग्राम) तिथे चारच स्पेस ठेवतो. टीम ब्लॅक वापरत असेल तर ‘पायथॉन_इंडेंट’ या डिक्शनरीत ‘ओपन_पॅरेन’ एका पायरीवर आणा, म्हणजे टाइप करताना एक आणि सेव्ह केल्यावर दुसरं असं होणार नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना चक्रावते. व्हिम 8 पासून व्हिमआरसी नसेल तर ‘डिफॉल्ट्स’ नावाची फाइल आपोआप वाचली जाते, आणि तिच्यात भाषेनुसार इंडेंट चालू असतं. तुम्ही एका ओळीची का होईना, स्वतःची व्हिमआरसी केलीत की ती फाइल वाचणं थांबतं आणि इंडेंट अचानक बंद पडल्यासारखं वाटतं. म्हणून ती ओळ स्वतः लिहायची. व्हिमपासूनच निघालेल्या निओव्हिम या एडिटरमध्ये हे करावं लागत नाही. तिथे ऑटोइंडेंट आणि भाषेनुसार इंडेंट दोन्ही मुळातच चालू असतात.

किती स्पेस, हा प्रश्न वेगळा

वरचे चारही पर्याय किती पायऱ्या ते सांगतात. पायरीची रुंदी शिफ्टविड्थ ठरवतो, आणि तो मुळात 8 असतो. टॅबस्टॉप म्हणजे फाइलमधलं टॅब-अक्षर किती रुंद दाखवायचं ते. एक्स्पांडटॅब चालू असेल तर टॅबच्या जागी स्पेस पडतात. टॅबस्टॉप 8 च ठेवून शिफ्टविड्थ आणि सॉफ्टटॅबस्टॉप 4 करावेत, असा सल्ला व्हिमचं मदत-पान देतं, आणि पायथॉनची फाइलही शिफ्टविड्थ आणि सॉफ्टटॅबस्टॉप 4 करते, सोबत एक्स्पांडटॅबही लावते. तुम्ही ठरवलेली किंमत दिसत नसेल तर ‘:व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ?’ देऊन बघा. शेवटचा हात कुठल्या फाइलने मारला ते कळतं.

रुंदी मात्र व्हिमआरसीत कायमची कोरू नये, हे माझं ठाम मत आहे. लिनक्स कर्नलला 8 रुंदीचे टॅब हवेत, पेप 8 ला 4 स्पेस, गो ला टॅब, प्रेटियर हा फॉर्मॅटर मुळात 2 स्पेस देतो. मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळी टॅबनेच सुरू व्हाव्या लागतात, तर यामलमध्ये इंडेंटसाठी टॅब चालतच नाही. हा निर्णय प्रोजेक्टचा आहे, म्हणून तो प्रोजेक्टच्या ‘एडिटरकॉन्फिग’ फाइलमध्ये लिहा. निओव्हिम 0.9 पासून ती फाइल आपणहून वाचतं. जेटब्रेन्सचे एडिटरही वाचतात. व्हीएस कोडला एक एक्स्टेन्शन लागतं.

व्हीएस कोड किंवा ईमॅक्स वापरत असाल तर

व्हीएस कोडच्या ऑटोइंडेंट सेटिंगमध्ये पाच किमती आहेत: नन, कीप, ब्रॅकेट्स, ॲडव्हान्स्ड आणि फुल. कीप म्हणजे व्हिमचा ऑटोइंडेंट, ब्रॅकेट्स साधारण स्मार्टइंडेंटच्या जवळचा, फुल म्हणजे भाषेचे नियम. मुळात फुल असतो आणि तो तसाच राहू द्यावा. गोंधळ होतो तो ‘डिटेक्ट इंडेंटेशन’ मुळे. हा पर्यायही मुळात चालू असतो आणि फाइल उघडताना तिच्यातलं इंडेंट बघून तुमची टॅब साइज बाजूला सारतो. दोन स्पेस सेट करूनही चारच पडत असतील तर आधी हा तपासा. पण बंद करण्याआधी विचार करा: दुसऱ्याच्या कोडमध्ये काम करताना तो उपकारच करतो.

ईमॅक्समध्ये 24.4 पासून एंटर दाबताच इंडेंट होतं, आणि टॅबची कळ चालू ओळ तिच्या योग्य जागी नेऊन बसवते. मुळात तिथे स्पेससोबत टॅब-अक्षरंही मिसळली जातात, तेवढं ‘इंडेंट-टॅब्ज-मोड’ निल करून थांबवा.

मग फॉर्मॅटर असताना हे सगळं कशाला?

फॉर्मॅटर आधी पूर्ण कोड वाचतो आणि मग तो पुन्हा मांडतो. ब्लॅक तर बदलानंतर कोडची रचना तीच राहिली का हेही तपासून बघतो. पण अर्धा लिहिलेला फंक्शन, न मिटलेला कंस, अशा कोडला तो हात लावत नाही, आणि टाइप करताना कोड बहुतेक वेळ त्याच अवस्थेत असतो. शिवाय पायथॉनमध्ये ब्लॉक कुठे संपला हे इंडेंटच सांगतं. चुकीच्या जागी पडलेली ओळ ब्लॅक चुकीच्याच ब्लॉकमध्ये व्यवस्थित ठेवून देईल. लिहिताना एडिटरचं इंडेंट, सेव्ह करताना फॉर्मॅटर, अशी कामाची वाटणी करावी. एकट्याने शिकत असाल तर पहिले काही महिने फॉर्मॅटरविनाच काढा. ओळ भलतीकडे गेली की कंस कुठे राहिला ते तिथल्या तिथे कळतं, आणि ही सवय पुढे फार उपयोगी पडते.

जुन्या प्रोजेक्टवर फॉर्मॅटर एकदम चालवणार असाल तर तो बदल वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत) ठेवा, त्यात दुसरं काही मिसळू नका. गिट 2.23 पासून अशा कमिटचा क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ‘ब्लेम’ ला तो वगळायला सांगता येतो, म्हणजे प्रत्येक ओळीपुढे इंडेंट बदलणाऱ्याचं नाव न दिसता ती मुळात लिहिणाऱ्याचं दिसतं.