ट्यूब नुसत्या शोभेच्या

ट्यूब अँपच्या, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अँप्लिफायरच्या जाहिरातीत दोन इवल्याशा ट्यूब, शेजारी ‘अस्सल सिंगल-एंडेड, क्लास ए’ आणि त्याखाली ‘५०+५० वॅट’. हे तिन्ही एकत्र दिसलं की पैसे देऊ नका. सिंगल-एंडेडमध्ये, म्हणजे एकेका बाजूचा पूर्ण सिग्नल एकच ट्यूब सांभाळते तिथे, ३००बी सारखी दणकट ट्यूबसुद्धा साधारण ८ वॅट देते. २ए३ साडेतीनच्या आसपास, ईएल८४ चार-पाच. मी मागवलेल्या अँपमधल्या या दोन तर ६जे१ होत्या, म्हणजे प्रीअँपच्या, स्पीकरपर्यंत जाण्याआधीचा बारीक सिग्नल वाढवण्याच्या कामाच्या. त्या स्पीकर हलवूच शकत नाहीत.

माझे स्पीकर ९६ डेसिबलचे, म्हणजे फार संवेदनशील, एका वॅटवर घर दणाणून सोडणारे. तीन-चार वॅट पुष्कळ झाले, असं मी विक्रेत्याला सांगितलं होतं. “पॉवर शिल्लक असलेली बरी साहेब, जन्मभर पुरेल.” ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारे आउटपुट ट्रान्सफॉर्मर दिसत नाहीत म्हटलं, तर “आत आहेत, टोरॉइडल”, म्हणजे कड्यासारखे गोल. आतला फोटो मागितला, तर “उघडलं की वॉरंटी जाते.” प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार!

खोकं आलं ते हलकंफूल. खऱ्या ट्यूब अँपमध्ये एक पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे लोखंड आणि तांबंच जास्त. इथे सोबत लॅपटॉपसारखा अडॅप्टर, त्यावर छापलेलं १२ व्होल्ट, ५ अँपिअर. म्हणजे आत जाणार ६० वॅट आणि बाहेर येणार १००? त्या १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला चिप अँप (ट्यूबऐवजी एका चिपवर चालणारा) ब्रिजमध्ये, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारा उलटसुलट चालवूनही स्वच्छ ९ वॅटच्या वर जात नाही.

बटण दाबताच ट्यूब नारिंगी उजळल्या. ट्यूबचा फिलामेंट असा एका क्षणात पेटत नाही, हळूहळू रंग धरतो. बंद करून दोन्ही ट्यूब उपसल्या आणि पुन्हा सुरू केलं. सॉकेटच्या मधल्या भोकातून तोच नारिंगी उजेड वर येत होता, खाली एलईडी. आणि गाणं? जसंच्या तसं चालू. ट्यूबमधून सिग्नल जातच नव्हता. (अडॅप्टरवर चालणाऱ्या डब्यातच हे केलं. खऱ्या ट्यूब अँपमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहू शकतात. तिथे हात घालू नका, आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो चालवूही नका.)

चिप अँप वाईट असतो असं मुळीच नाही. चिप म्हणून विकला असता तर तक्रार नव्हती. पण यातली हिस्स, म्हणजे मागची सततची सरसर, माझ्या स्पीकरवर खुर्चीत बसूनही ऐकू यायची. साध्या ८६ डेसिबलच्या स्पीकरवर ती कदाचित जाणवली नसती. संवेदनशील स्पीकर गाण्याबरोबर अँपचा कचराही मोठा करून ऐकवतात, म्हणून घेण्याआधी गाणं न लावता, आवाजाचं बटण नेहमीच्या जागेवर ठेवून स्पीकरला कान लावा. हम् (खालच्या सुरातली घूं) आणि हिस्स तिथेच कळते.

उजळलेल्या रिकाम्या सॉकेटचा व्हिडिओ विक्रेत्याला पाठवला. उत्तर आलं, “ट्यूब तुम्ही काढल्या, आता परत घेता येणार नाही.” जाहिरातीतून नंतर ‘सिंगल-एंडेड’ तेवढं गेलं. ‘५०+५० वॅट’ अजून आहे.