प्रभात रोडवरचा फ्रेंच नावांचा वर्ग : पैसे वसूल, पण यादी जुनी

आधी कामाचं. प्रभात रोडच्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका लागोपाठ तीन रविवार सकाळी दोन-दोन तास हा वर्ग घेतात. फी १८०० रुपये, त्यात झेरॉक्स आणि चहा. विषय एकच : फ्रेंच माणसांची नावं, म्हणजे आडनाव सोडून पाळण्यातलं नाव, ते आलं कुठून आणि त्यावरून काय काय कळतं. बाईंना स्वतःचं नाव कुठेही छापलेलं चालत नाही. नावांचा वर्ग घेणाऱ्या बाईंचा हा हट्ट, पण असो. पुण्यात फ्रेंच शिकलेल्या कुणालाही विचारा, पत्ता मिळेल.

मी खराडीत विम्याच्या फ्रेंच क्लेम्सवर काम करते. भाषा येते, फॉर्म वाचता येतो, पण पत्राच्या सुरुवातीला मस्यू लिहायचं की मादाम, इथे आमच्या टीमची गाडी रोज अडते. क्लोद, दोमिनिक, कामीय ही नावं बाईचीही असतात आणि बाप्याचीही. झाँ-मारी हा पुरुष असतो, मागे मारी हे बाईचं नाव लागलेलं असलं तरी. पहिल्या रविवारी बाईंनी याच प्रश्नाला हात घातला तेव्हा मी मनातल्या मनात फी वसूल झाली म्हटलं. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या सरसेनापतीचं नाव चक्क आन होतं, आन द माँमोराँसी. राणी आन त्याची धर्ममाता होती म्हणून. आणि मादमवाझेल, म्हणजे कुमारी, हा शब्द तिकडच्या सरकारी फॉर्मवरून २०१२ साली गेला, तेव्हा लग्न झालंय की नाही हे कोडं सोडवत बसू नका, सरळ मादाम लिहा, असंही त्यांनी ठणकावून सांगितलं. आमच्या ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये तो शब्द परवापर्यंत होता.

वर्गातली सगळ्यात भारी वस्तू म्हणजे बाईंकडचं टपालखात्याचं जुनं कॅलेंडर. जाड पुठ्ठा, वर टोपलीत बसलेल्या मांजराचं चित्र, कोपरे मऊ पडलेले. तिकडे वर्षअखेरीला पोस्टमन दारोदार हे घेऊन येतो आणि लोक त्याला जमेल ते देतात, आपल्याकडच्या दिवाळीच्या पोस्तासारखं. त्यात प्रत्येक तारखेपुढे बारीक अक्षरात एक नाव छापलेलं असतं, त्या दिवसाच्या संताचं. २४ जून झाँ, २५ नोव्हेंबर कातरीन, ३१ डिसेंबर सिल्व्हेस्त्र. ज्याचं नाव त्या दिवशी येतं त्याला लोक शुभेच्छा देतात, वाढदिवस नसला तरी. पंचविशी गाठूनही लग्न न झालेल्या मुली कातरीनच्या दिवशी हिरव्या-पिवळ्या रंगाच्या चित्रविचित्र टोप्या घालायच्या. हे ऐकून वर्गातल्या एका काकूंनी आपल्या भाचीकडे असं पाहिलं की ती बिचारी वहीत डोकं खुपसून बसली.

हे कॅलेंडर नुसतं शोभेचं नव्हतं, हा यातला खरा मुद्दा. नेपोलियनच्या काळात, १८०३ साली कायदा झाला की बाळाचं नाव कॅलेंडरांतलं हवं, नाहीतर प्राचीन इतिहासातल्या कुणाचं तरी. नोंदणी करणारा कारकून सरळ नाही म्हणू शकायचा. फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रेतान्य प्रांतातल्या ल गोआर्निक नावाच्या जोडप्याने पोरांना तिथल्या ब्रेतों भाषेतली नावं ठेवली, तर ती नोंदवूनच घेतली गेली नाहीत आणि त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. १९६६ साली नियम जरा सैल झाले आणि १९९३ साली आईबापांना मोकळीक मिळाली. आता कारकून अडवत नाही, पण नाव पोराच्या मुळावर येईल असं वाटलं तर सरकारी वकिलाला कळवतो आणि प्रकरण कोर्टात जातं. उत्तरेकडच्या व्हॅलाँसिएनमध्ये एका मुलीचं नाव नुतेला ठेवायला न्यायाधीशांनी मनाई केली. ती एला झाली. आपल्याकडे बारशाला आत्या जे कानात सांगेल ते सांगेल, महापालिका मध्ये पडत नाही. दोन्हींतलं बरं कुठलं, यावर चहाच्या वेळी वर्गात दोन तट पडले.

दुसरा रविवार अर्थांचा. इथे वर्ग थोडा रेंगाळतो. झेरॉक्सवर शंभरेक नावं आणि पुढे एकेक शब्द : पोल म्हणजे लहान, सेसील आंधळी, क्लोद लंगडा, सोफी शहाणी. हे इंटरनेटवर फुकट मिळतं, त्यासाठी रविवारची झोप मोडायला नको. शिवाय आज क्लोद हे नाव ऐकून कुणा फ्रेंच माणसाच्या मनात लंगडा येत नाही. आपण अर्थ बघून नाव ठेवतो. तिकडे आजोबा, संत किंवा त्या वर्षाचं वारं बघतात. यादी वाचून दाखवायचं सोडून बाई गोष्टी सांगायला लागल्या की मात्र रंग भरतो. लुई आणि क्लोव्हिस हे मुळात एकच नाव आहे, फ्रँक या जुन्या जर्मन वंशाच्या लोकांच्या बोलीतलं; 'कीर्ती' आणि 'लढाई' हे त्याचे दोन तुकडे. एवढ्या एका नावाचे अठरा राजे मोजतात, त्यातला सतरावा तर पोर होतं, गादीवर बसलंच नाही. फिलिप हे घोड्यांची आवड सांगणारं ग्रीक नाव फ्रान्सच्या राजघराण्यात आलं ते किएव्हहून आलेल्या राणी आनमुळे. तिचा मुलगा पहिला फिलिप. असिसीच्या संत फ्रान्सिसचं बाप्तिस्म्याचं नाव जोव्हान्नी होतं. बाप कापडाचा व्यापारी, फ्रान्सशी देणंघेणं, म्हणून त्याने पोराला 'फ्रेंची' अशा अर्थाने फ्रान्चेस्को हाक मारायला सुरुवात केली, आणि पुढे त्याचंच फ्रेंचमध्ये फ्राँस्वा झालं. आणि झेवियर? अर्ध्या पुण्याला हे नाव शाळा-कॉलेजांमुळे माहीत आहे. ते माणसाचं नव्हेच, स्पेनच्या नवारमधल्या गावाचं. बास्क भाषेत 'नवं घर'. फ्रान्सिस झेवियर, म्हणजे असिसीचा नव्हे, हा दुसरा फ्रान्सिस, तिथल्या गढीत जन्मला, संत झाला आणि गावाचं नाव जगभर पोरांना लागलं.

पुण्याशी जोडायचा प्रयत्नही त्यांनी केला आणि तो मला आवडला. वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे, तिथे आपण पाहुण्यांना घेऊन जातो. महादजींची कवायती पलटण ज्याने उभी केली तो बन्वा द बॉइन मूळचा शाँबेरीचा. तेव्हा ते गाव सावोय राज्यात होतं, आज फ्रान्समध्ये आहे. बन्वा म्हणजे आशीर्वाद मिळालेला. त्याचं जन्माचं आडनाव मात्र लबोर्न्य, म्हणजे एकाक्ष. गड्याने नाव राखलं आणि आडनाव बदललं. साहजिक आहे.

तिसरा रविवार माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा. नावावरून वय आणि मुलूख ओळखायचा. फ्रान्सच्या सांख्यिकी खात्याकडे १९०० पासूनची जन्मनावांची मोजदाद आहे, कुणालाही बघता येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारी आणि झाँ यांचाच सुकाळ. मोनिक म्हटलं की आजीबाई. नाताली साठच्या दशकातली. नव्वदच्या सुरुवातीला केव्हिन या मूळच्या आयरिश नावाची अशी लाट आली की आज तिकडे त्या नावावर विनोद होतात. आपल्याकडे सुशीला, प्रमिला म्हटलं की साल कळतं आणि आरव म्हटलं तरी कळतं, तसंच. यान आणि लोईक ब्रेतान्यचे, एरवान हा तिथलाच, फ्रेंचमधला ईव. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका फाइलवर लोईक दिसला, पत्ता बघितला तर ब्रेतान्यमधलंच ब्रेस्त.

आता तक्रारी. बाईंची झेरॉक्सवरची यादी १९८०च्या आसपास थांबते. आमच्या फायलींत करीम, नादिया, मामादू, इनेस रोज येतात. तीही फ्रेंच माणसंच आहेत, फ्रान्समध्ये जन्मलेली, फ्रेंच विमा काढणारी. एकाने विचारलं तर 'ती आपल्या विषयात येत नाहीत' म्हणाल्या. मला हे पटलं नाही. रने, दिदिए, एत्येन ही नावंही लॅटिन, ग्रीक अशी बाहेरूनच आली ना, आणि लुई तर जर्मनांच्या भाऊबंदांकडून. मग रांगेत मागून आलेल्यांनाच दार बंद कशाला? एक अख्खा रविवार त्या नावांना द्यायला हवा, यादीचा रविवार कापून.

दुसरं, फ्रेंच लोक कागदपत्रांत आडनाव मोठ्या अक्षरांत आणि बहुतेकदा आधी लिहितात, हे कुठेच सांगितलं नाही. मार्तँ, बर्नार, तोमा ही नावंही आहेत आणि आडनावंही. ही खूण माहीत नसली तर नवशिक्याचा घोळ ठरलेला.

बाकी किरकोळ : खुर्च्या प्लास्टिकच्या, पंखा एकच आणि तो बाईंच्या डोक्यावर. चहा चांगला, आलं घातलेला. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, रिक्षाने या. फाटकावर पाटी आहे : 'वर्ग दहाला सुरू होतो. तुमच्यासाठी थांबत नाही.' खरंच थांबत नाही.

बाळासाठी फ्रेंच नाव शोधायला येणार असाल तर येऊ नका, पदरात फार पडणार नाही. फ्रेंच शिकवणारे, भाषांतर करणारे आणि आमच्यासारखे फायलींवर बसलेले यांनी जरूर यावं. शक्य असेल तर दुसरा रविवार बुडवावा. फी एकदम द्यावी लागते, रोख. पावती मागितली तर देतात, तीही फ्रेंचमध्ये.