लेझर की प्रायमर? तोफ आणि रायफल वेगवेगळी धरूनच ठरवा

नागपूरजवळच्या हिंगण्याला, बुटीबोरीला सीएनसी टाकून बसलेली बरीच मंडळी आजकाल एकच गोष्ट विचारून राहिली, की डिफेन्सच्या कामात गोळीची बारूद पेटवायला आता प्रायमर जाणार अन् लेझर येणार म्हणतात, मग पैसा कशात टाकायचा? इंजिनिअरिंगची पोरंही फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय घेऊन येतात. अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी, भंडाऱ्याला प्रोपेलंट, बाजारगावकडं स्फोटकांचे कारखाने, म्हणजे प्रश्न आपल्या दारातलाच आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. रायफल-पिस्तुलाच्या गोळीत लेझर इतक्यात येत नाही, पण १५५ मिमीच्या तोफेत लेझरची बाजू खरंच दमदार आहे.

प्रायमर म्हणजे नेमकं काय ते नीट पाहून घ्या. रायफलच्या लहान प्रायमरचा व्यास साधारण ४.४५ मिमी, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी पितळी वाटी, तिच्या तळाशी मसाल्याचा, म्हणजे आपटला की पेटणाऱ्या रसायनाचा, पातळ थर अन् वर तीन पायांची छोटी ऐरण. फायरिंग पिन वाटीवर आपटली की मसाला वाटी अन् ऐरणीच्या मधे चिरडतो, पेटतो, आणि ज्वाळा भोकातून केसमधल्या, म्हणजे गोळीच्या पितळी नळीतल्या, बारुदीपर्यंत जाते. बस्स. बॅटरी नाही, वायर नाही, सॉफ्टवेअर नाही. फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं १८०७ साली आघातानं बार पेटवायचं पेटंट घेतलं तेव्हापासून मसाला बदलत गेला, आधी पाऱ्याचं फल्मिनेट होतं, मग विसाव्या शतकात लेड स्टिफनेट आलं, पण कल्पना तीच राहिली. दोनशे वर्षांवर टिकलेली गोष्ट उगाच टिकत नाही राजेहो, डेपोत वर्षानुवर्षं पडून राहिलेली गोळीसुद्धा बाहेर काढली की बहुतेक वेळा चालतेच.

मग वांधा कुठं आहे? एक तर शिसं. गोळीबाराच्या बंदिस्त रेंजवर रोज सराव करणाऱ्यांच्या अन् तिथं झाडझूड करणाऱ्यांच्या रक्तात शिसं वाढतं हे पक्कं माहीत आहे, आणि मला तरी हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो कारण तो माणसाच्या जिवाचा आहे. बिनशिशाचे प्रायमर निघाले, पण कडाक्याच्या थंडीत अन् लांबच्या साठवणीत त्यांच्याबद्दल तक्रारी राहिल्या. दुसरं म्हणजे पूर्ण गोळीत सगळ्यात नाजूक माल हाच, त्यामुळं कारखान्यात जास्तीत जास्त धोका पत्करतात ती प्रायमरच्या खोलीतली माणसं.

आता लेझरकडं जायच्या आधी विजेचा प्रायमर, म्हणजे आपटून नाही तर विजेनं पेटणारा, बघाच, कारण सगळा धडा तिथं आहे. विमानातल्या २० मिमीच्या व्हल्कन तोफेत तो वर्षानुवर्षं मस्त चालतो, मिनिटाला ६,००० पर्यंत फैरी. पण वीज म्हटली की भटका करंट आला, रडारच्या लहरी आल्या. २९ जुलै १९६७ ला यूएसएस फॉरेस्टल या अमेरिकन जहाजावर विजेच्या झटक्यानं एक झुनी रॉकेट आपोआप सुटलं, आग लागली, १३४ माणसं गेली. तिथं प्रायमर नव्हता, रॉकेट होतं, पण पेटवायची वीज तीच. अन् साध्या बंदुकीत काय झालं? रेमिंग्टननं २००० साली एट्रॉनएक्स रायफल काढली, दस्त्यात ९ व्होल्टची बॅटरी, ट्रिगर दाबला की वीज. नेम चांगला लागायचा, पण तिला गोळी खास लागायची, नेहमीची चालायची नाही, आणि २००३ ला कंपनीनं ती बंदच केली. बंदूक फेल नव्हती, गोळी गावोगावी मिळत नव्हती.

लेझर नेमका विजेचा हा दोष काढून टाकतो. लेझरचा डबा तोफेच्या गाड्यावर कुठंतरी लांब, तिथून फायबरनं, म्हणजे काचेच्या तंतूनं, प्रकाश ब्रीचपर्यंत (तोफेचं मागचं बंद होणारं तोंड), ब्रीचमधे नीलमण्यासारख्या कडक स्फटिकाची खिडकी, अन् त्यातून किरण सरळ चार्जच्या (गोळा फेकणाऱ्या बारुदीच्या) बुडाच्या इग्नायटरवर, म्हणजे आधी पेटणाऱ्या छोट्या बारुदीवर. स्टॅटिक लागत नाही, रेडिओ लहर लागत नाही, आपटून पेटत नाही. रसायन संपलं असं मात्र समजू नका, इग्नायटरची बारूद राहतेच, फक्त त्यातला सगळ्यात चिडका मसाला जातो.

मोठ्या तोफेत हे जमतं याचं कारण साधं आहे. तिथं गोळा वेगळा, चार्ज वेगळा, अन् प्रायमर दर फैरीला ब्रीचमधे वेगळा भरावा लागतो. तो अडकला, फुसका निघाला, की तोफ थांबली, वाट बघा, मग ब्रीचजवळ जाऊन बदला. लेझरमधे पुन्हा बटण दाबायचं. अमेरिकेच्या क्रूसेडर तोफेत हीच पद्धत घेतली होती, २००२ मधे तो प्रकल्प बंद पडला पण तो लेझरमुळं नाही, तोफ जड अन् जुन्या काळच्या युद्धाची म्हणून. आपल्याकडं मार्च २०२५ मधे ३०७ एटॅग्स या देशी १५५ मिमी तोफांचा करार झाला, त्या तोफेचे ड्राइव्ह विजेवर चालतात, म्हणजे वीज तोफेवर आहेच. लेझरला पुढं जागा मिळाली तर अशाच ठिकाणी.

तरी खिडकीवर काजळी बसते हे विसरू नका, अन् लेझर डायोडला, म्हणजे किरण काढणाऱ्या भागाला, गरमी सोसत नाही, तापला की तरंगलांबी सरकते अन् आयुष्य घटतं. मे महिन्यात आपल्या नागपुरात ४५ अंश असते, लोखंड तर त्याहून तापतं. कोणी तुम्हाला एसी लॅबमधला आकडा दाखवला तर उन्हात ठेवलेल्या डब्याचा आकडा मागा, वर दर फैरीच्या धक्क्यानंतर फायबरचा जोड जागेवर राहतो का तेही विचारा.

रायफलमधे यातलं काहीच परवडत नाही. दर गोळीच्या पितळी केसला खिडकी बसवा, ती दाब सहन करेल अशी सील करा, बंदुकीत बॅटरी ठेवा, अन् वरणगावसारख्या कारखान्यात ज्या गोळ्या ढिगानं निघतात त्या सगळ्यांना हे लावा, कोण करणार? फॉरेन्सिकवाल्यांचंही बघा, हातावरच्या कणांत शिसं, बेरियम अन् अँटिमनी एकत्र सापडलं की गोळीबार ओळखतात, आणि हे तिन्ही मुख्यतः प्रायमरमधून येतं. प्रायमर गेला तर ती खूणही गेली, त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

तर भाऊ, तुमचं काम पितळ ओढायचं अन् बारीक प्रेसचं असेल तर ते सोडू नका, मागणी राहणारच. फक्त मसाल्याला हात लावायचा विचार असेल तर आधी सेमिनरी हिल्सला पेसोच्या, म्हणजे स्फोटकांचं लायसन बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, ऑफिसात जाऊन लायसन कोणतं लागतं ते विचारा, मशीन नंतर घ्या. ब्रीचचे भाग, कडक स्टीलचं मायक्रॉनमधलं बोअरिंग, खिडकी बसवायची सीट असलं काम जमत असेल तर लेझरकडं थोडा पैसा टाका, पण मशीन अशीच घ्या जी लेझरची ऑर्डर नाही आली तरी हायड्रॉलिकच्या जॉबवर चालेल. अन् प्रोजेक्टवाल्या पोरांनी स्फोटक घ्यायचंच नाही, खिडकीवरची काजळी अन् डायोडची गरमी हे दोन प्रश्न घ्या, दोन्ही बारूद न वापरता कॉलेजच्या लॅबमधे तपासता येतात.