हेडफोन ‘सर्व्हिसिंग’ला देण्याआधी त्याचे ओम मोजून ठेवा

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी गेली चार वर्षं दृष्टिहीन मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. खिडकीवर दोन गोधड्या, दारावर एक, टेबलावर मायक्रोफोन आणि जुना लॅपटॉप, एवढाच सरंजाम. रात्री दहानंतर रस्ता शांत झाला की वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकत ऐकत चुका काढायच्या. यातलं ऐकणं हेच खरं काम. श्वास कुठे मोठा आला, ओठ सुटताना कुठे ‘टक’ वाजलं, ‘श’ कुठे शिट्टीसारखा झाला, हे सगळं कानाने पकडून काढावं लागतं. ज्यांना पुस्तक फक्त कानातूनच मिळतं, त्यांना ती प्रत्येक टकटक आपल्यापेक्षा जास्त टोचते.

माझा भाचा पुण्यात एका स्टुडिओत काम करायचा. ते काम सोडताना त्याने त्याचा बायरडायनामिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन मला दिला. कानावर करड्या मखमली गाद्या, टेलिफोनसारखी पिळाची वायर आणि बाजूला ‘२५० ओम’ असं लिहिलेलं. ओम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप. देतानाच त्याने सांगितलं होतं, “मावशी, लॅपटॉपला थेट लावलास तर आवाज थोडा कमी येईल हं.”

तसंच झालं. गाणी व्यवस्थित ऐकू यायची, पण माझं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायला आवाजाची पट्टी शेवटापर्यंत न्यावी लागायची. महिनाभर तसंच काम केलं. मग ओळखीतल्या कुणीतरी एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीतल्या, वरच्या मजल्यावरच्या एका दुकानाचं नाव सुचवलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही.

दुकानदार गोड बोलणारा. हेडफोन हातात घेऊन म्हणाला, “ताई, हा रेसचा घोडा आहे. लॅपटॉपला लावलात म्हणजे टांग्याला जुंपलात. २५० ओमला ट्यूब ॲम्पच पाहिजे, दुसरं काही चालत नाही.” मग त्याने काचेच्या दोन नळ्या, म्हणजेच ट्यूब, असलेला एक सुबक लाकडी डबा पुढे ठेवला: हाच तो ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र. बटण दाबताच नळ्या नारिंगी उजळल्या. मागे ताकदीची पट्टी चिकटवलेली: १००० मिलिवॅट. किंमत १४,५०० रुपये, हाताने बनवलेला, एकच पीस उरलाय, वगैरे. शिवाय हेडफोन बरेच दिवस पडून असल्याने ‘आतून सफाई आणि बर्न-इन’ (म्हणजे बराच वेळ वाजवत ठेवून सरावणं) करायला हवं, त्याचे १,२०० वेगळे. दोन दिवस हेडफोन त्याच्याकडेच ठेवायचा.

मी ठेवला. ६,००० यूपीआयने दिले. बाकीचे ९,७०० त्याने रोख मागितले आणि तेही दिले. बिल म्हणून मिळाली एक कच्ची चिठ्ठी, त्यावर जीएसटी क्रमांक नाही की मॉडेलचं नाव नाही.

दोन दिवसांनी गेले तेव्हा त्याने एक सिनेमाचं गाणं लावून हेडफोन माझ्या कानावर चढवला. दणदणीत आवाज. नॉब निम्म्यावरही नव्हता. “बघा ताई, घोडा मोकळा झाला!” मला खरंच आनंद झाला. रिक्षातून येताना तो डबा मी मांडीवर धरून आणला.

त्या आनंदात दोन गोष्टी डोळ्यांसमोर असून मला दिसल्या नाहीत. आमच्या लहानपणी बाबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे अशाच काचेच्या नळ्यांचा, रेडिओ होता. तो चालू केल्यावर लगेच आवाज यायचा नाही. आतली तार तापेपर्यंत वाट बघावी लागायची आणि थोड्या वेळाने रेडिओची मागची बाजू चटका बसण्याइतकी तापायची, गरम धुळीचा वास यायचा. हा ॲम्प मात्र बटण दाबल्या क्षणी वाजायचा. तासभर चालवून त्याची काच पुसली तरी ती गोदाघाटावरच्या पहाटेच्या पायरीसारखी गार. माझ्या हाताला तो गारवा कळला होता, पण त्याचा अर्थ मी लावला नाही.

पुढचे सात आठवडे मी अकरा धडे त्या जोडीवर ऐकून तयार केले आणि पाठवले. मग एका मुलीचा फोन आला. दहावीला आहे, फार हुशार आणि फार सभ्य. जरा चाचरत म्हणाली, “बाई, राग मानू नका, पण अलीकडच्या धड्यांत तुम्ही काहीतरी चघळत वाचता का?”

मी तोच धडा पुन्हा ऐकला. मला काहीच सापडलं नाही. मग भाच्याच्या सांगण्यावरून मोबाइलबरोबर आलेले साधे इअरफोन लावून ऐकला. दर ओळीला टकटक होती. डीटी ७७०वर याच टकटकी मी पूर्वी अगदी हळू आवाजातही टिपत होते. आता त्यावर खालचा आवाज घुमत होता, वरचा सगळा गोधडीखाली गेल्यासारखा झाला होता. मला वाटलं, कानच गेले आपले. वय झालं. दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही.

भाचा मात्र फोनवर लगेच म्हणाला, “कान नाही मावशी, हेडफोन तपास. कुणाकडे मल्टिमीटर आहे का?”

आमच्या शेजारचे अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघत होते. ते मीटर घेऊन आले. हेडफोनच्या पिनेला तीन भाग असतात: टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची, बुडाचा भाग दोन्हींचा सामाईक. मीटर ओमवर लावून त्याची एक तार पिनेच्या बुडाला आणि दुसरी आधी पिनेच्या टोकाला, मग कडीला टेकवायची. २५० ओमच्या हेडफोनवर आकडा अडीचशेच्या आसपास यायला हवा. अगदी तितकाच येणार नाही, कारण मीटर एकदिश प्रवाहावर मोजतो आणि इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध, वारंवारतेप्रमाणे थोडा बदलतो, पण जवळपास तरी यावा. अण्णांच्या मीटरवर डावीकडे ३२ आला, उजवीकडे ३३.

“वहिनी, हे अडीचशेचं नाही,” अण्णा म्हणाले.

गाद्या काढून आत पाहिलं. ड्रायव्हर, म्हणजे ज्यातून आवाज येतो त्या चकत्या, दुसऱ्याच होत्या. सोल्डर ताजं, गोंद ओबडधोबड. बाहेरचं कवच, वायर, गाद्या, ‘२५० ओम’ची अक्षरं, सगळं माझंच होतं. ‘सफाई’साठी ठेवलेल्या दोन दिवसांत आतला जीव काढून घेतला होता.

ही चाल नीट समजून घ्या, कारण ती साधी नाही. ॲम्प कमजोर होता. माझ्या खऱ्या हेडफोनवर तो उघडा पडला असता. म्हणून हेडफोनच ३२ ओमचा करून टाकला. तेवढ्याच व्होल्टला ३२ ओम २५०च्या जवळजवळ आठपट ताकद ओढतो, त्यामुळे आवाज धाडकन वाढतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं की ॲम्पने कमाल केली. एका चोरीने दुसरी झाकली.

मग अण्णांनी डबाही उघडला. नळ्यांच्या पिना कशालाच जोडलेल्या नव्हत्या. खाली दोन नारिंगी एलईडी. कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी सर्किटची पाटी आणि तिच्यावर आठ पायांची एक चिप. अॅडॅप्टर मोबाइल चार्जरसारखा, ५ व्होल्टचा. लॅपटॉपवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर तयार केला, कारण साधा मीटर एसी व्होल्ट याच टप्प्यात बरोबर दाखवतो. हेडफोन बाजूला ठेवून आउटपुटला २५० ओमच्या आसपासचा रेझिस्टर लावला आणि नॉब पूर्ण फिरवला. १.२ व्होल्ट. लॅपटॉपच्या स्वतःच्या जॅकवर आकडा आला ०.९.

मी शाळेत सव्वीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. जॉर्ज ओमने १८२७ साली मांडलेला नियम फळ्यावर किती वेळा लिहिला असेन. ताकद म्हणजे व्होल्ट गुणिले प्रवाह; त्यात हा नियम घातला की ताकद निघते व्होल्टचा वर्ग भागिले ओम. १.२चा वर्ग भागिले २५० म्हणजे सहा मिलिवॅटसुद्धा नाही. पट्टीवर लिहिले होते १०००. २५० ओममध्ये १००० मिलिवॅट घालायला जवळजवळ १६ व्होल्ट लागतात, आणि त्या लाटेचं वरचं टोक ते खालचं टोक धरलं तर सुमारे ४५ व्होल्ट. ५ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर, व्होल्ट चढवणारी वेगळी सोय आत नसेल, तर आदर्श स्थितीतही पावणेदोन व्होल्टच्या पुढे जाता येत नाही. दुकानात उभ्या उभ्या अॅडॅप्टरवरचा एक आकडा वाचला असता तरी हे कळलं असतं. लॅपटॉपच्या जॅकपेक्षा हा ॲम्प जेमतेम अडीच डेसिबल मोठा वाजत होता.

आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मला ॲम्पची गरजच नव्हती. या हेडफोनची कंपनीने दिलेली संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीला मिळणारा आवाज, १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे, आणि २५० ओमला १ मिलिवॅट म्हणजे फक्त अर्धा व्होल्ट. माझ्या लॅपटॉपचे ०.९ व्होल्ट पूर्ण पातळीच्या आवाजाला शंभर डेसिबलच्या वर नेतात. गाणी नीट ऐकू येत होती ती म्हणूनच. माझं वाचन हळू येत होतं, कारण आवाज फाटेल या भीतीने मी रेकॉर्डिंगच फार खालच्या पातळीवर करत होते. ऐकण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये ते १५ डेसिबलने उचललं असतं तर काम झालं असतं, एक रुपया न घालता. दुकानदाराने मला माझं रेकॉर्डिंग लावून दाखवा असं कधी म्हटलं नाही. त्याने सिनेमाचं गाणं लावलं, आणि अशी गाणी आधीच पूर्ण पातळीपर्यंत उचललेली असतात.

त्याचं अर्धं बोलणं खरं होतं, म्हणूनच मी फसले. जास्त ओमच्या हेडफोनला जास्त व्होल्ट लागतात, हे खरंच आहे. आतली तार बारीक आणि वेढे जास्त, म्हणून विरोध जास्त. स्टुडिओत याचा फायदा होतो. एकाच आउटपुटवर पाच जणांना ऐकायचं असेल तर ३२ ओमचे पाच हेडफोन समांतर जोडल्यावर ॲम्पला जेमतेम साडेसहा ओम दिसतात आणि तो धापा टाकतो. २५०चे पाच लावले तरी ५० ओम उरतात. शिवाय जुन्या यंत्रांच्या हेडफोन जॅकमागे बराच रेझिस्टन्स असायचा, १२० ओमसुद्धा. त्यावर कमी ओमचा हेडफोन लावला तर बहुधा खालचे सूर फुगतात, जास्त ओमचा फारसा बिघडत नाही. पण यातल्या कशातूनही ‘ट्यूबच पाहिजे’ हे निघत नाही. वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला अचानक येणाऱ्या उंच टोकांसाठी ११० डेसिबलपर्यंतची सोय हवी असेल, तरी या हेडफोनला अडीच व्होल्ट, म्हणजे २५ मिलिवॅट लागतात. चांगला, साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प ते सहज देतो. दुकानात एकच प्रश्न विचारायचा: २५० ओमला किती मिलिवॅट? किती ओमला ते न सांगता नुसता मिलिवॅटचा आकडा सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका.

मी डबा आणि हेडफोन घेऊन पुन्हा दुकानात गेले. अण्णाही आले. तोच माणूस या वेळी नजर न मिळवता म्हणाला, “तुम्ही उघडलंत ना मॅडम, मग वॉरंटी संपली. हेडफोन तसाच होता, तुम्ही आणला तेव्हापासून.” आणि इथे मी हतबल झाले. माझ्याकडे आधीच्या मोजमापाचा एकही फोटो नव्हता. हेडफोन ठेवून घेतल्याची पावती नव्हती. अण्णांनी उघडतानाही आम्ही व्हिडिओ काढला नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर स्क्रूला हात लावण्याआधी मोबाइल समोर ठेवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला. तक्रार नोंदवून घेतली. मग रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. तिच्यासोबत यूपीआयचा व्यवहार, कच्च्या चिठ्ठीची प्रत, डब्याच्या मागच्या १००० मिलिवॅटच्या पट्टीचा आणि आतल्या न जोडलेल्या पिनांचा फोटो जोडला. तेरा दिवसांनी ६,००० रुपये खात्यात परत आले, काही न बोलता. रोख दिलेल्या ९,७०० रुपयांबद्दल आणि ड्रायव्हरबद्दल अजून चकार शब्द नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. माझे कागद तयार आहेत. पैशांपेक्षा ड्रायव्हर चोरल्याचं त्याने मान्य करावं, एवढंच मला हवं आहे.

भाच्याने मूळ कंपनीचे सुटे ड्रायव्हर मिळवले आणि अण्णांनी ते बसवले. बसवल्यावर मोजलं: डावा २४८, उजवा २५१. तारखेसह कागदावर लिहून, मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढून, दोन्ही हेडफोनच्या डब्यात ठेवलं.

त्या मुलीला मी फोन करून सांगितलं की तुझं बरोबर होतं, चूक माझ्याकडून गेली आहे, अकराही धडे पुन्हा पाठवते. रोज रात्री एक घेते. काल सहावा संपला.