टक्केवारीमागचा आकडा समजावून सांगणारे चिकित्सालय

कर्वे रस्त्यालगतच्या एका रक्तविकार चिकित्सालयात गेले चार महिने माझ्या थोरल्या बहिणीवर उपचार सुरू आहेत. ताईच्या अंगाला खाज सुटत असे आणि जिना चढताना दम लागत असे. घराजवळच्या प्रयोगशाळेने अहवालात ‘इओसिनोफिल ३८ टक्के’ (इओसिनोफिल हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) असे छापून पुढे एक फुली मारली आणि ‘ॲलर्जी असेल’ एवढ्यावर आमची बोळवण केली.

येथील डॉक्टरांनी एकूण पांढऱ्या पेशी १४,००० आणि त्यांतील ३८ टक्के, म्हणजे एका मायक्रोलिटरमागे ५,३२० इओसिनोफिल, हा गुणाकार केसपेपरच्या मागे करून दाखवला. निरोगी माणसात हा आकडा साधारणपणे ५०० च्या आत असतो. तो १,५०० च्या वर टिकून राहिला, हृदय, फुफ्फुसे किंवा त्वचेला त्यामुळे इजा होऊ लागली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर त्या दुर्मीळ विकाराला हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम म्हणतात. मग ताईलाच सूक्ष्मदर्शकातून काचपट्टी पाहू दिली. पेशीत दोन पाळ्यांचे केंद्रक होते आणि भोवती नारिंगी-तांबड्या कणांची दाटी. जंतांना मारणारी प्रथिने याच कणांत असतात आणि ती अतोनात सांडली की आपल्याच अवयवांना जाळतात.

मला विशेष मोलाचा वाटला तो त्यांचा धीर. स्टिरॉइडने खाज लवकर थांबली असती; परंतु आपल्याकडे या पेशी वाढण्याचे नेहमीचे कारण जंत हेच असते आणि स्ट्राँगिलॉइडिस हा जंत पोटात असताना स्टिरॉइड दिल्यास ते जिवावर बेतू शकते, म्हणून शौचाची तपासणी, हत्तीरोगाची रक्तचाचणी आणि हृदयाचा इको आधी झाला. (ताई तेवढे दिवस चिडलेली होती, हेही सांगायला हवे.) पुढे अस्थिमज्जा आणि जनुकीय चाचणी झाली. २००३ मध्ये उजेडात आलेला एफआयपी१एल१–पीडीजीएफआरए हा जोडजनुक (दोन जनुके एकत्र जुळून बनलेला) सापडल्यास इमॅटिनिबची गोळी अल्प मात्रेतही उत्तम लागू पडते. ताईला तो निघाला नाही. स्टिरॉइडवर आकडा ९०० पर्यंत उतरला आहे आणि प्रत्येक अहवालाचा गुणाकार आता ती स्वतःच करते.

तक्रारी दोन आहेत. अकराची वेळ देऊन दीड वाजता आत बोलावतात, आणि जनुकीय चाचणीचा खर्च आम्हाला नमुना घेतल्यानंतर कळला. तो आधीच विचारून घ्यावा, आणि शनिवारी गर्दी असल्याने मधल्या वारी जावे.