उद्देशिका आणि मूलभूत कर्तव्यांचे फलक : नौपाड्यातील एका फ्रेमच्या दुकानाचा अनुभव

ठाण्याच्या पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीने २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनानिमित्त तळमजल्यावर लिफ्टशेजारी लावण्यासाठी दोन फलक करून घेतले. एकावर संविधानाची उद्देशिका आणि दुसऱ्यावर अनुच्छेद ५१क मधील मूलभूत कर्तव्ये हवी होती. काम नौपाड्यात, गोखले रस्त्यालगतच्या गल्लीतील छपाई आणि फ्रेमिंगच्या एका जुन्या दुकानाला दिले. दोन बाय तीन फुटांच्या या दोन फलकांचे काच, लाकडी पट्टी आणि बसवण्याच्या मजुरीसह ५,६०० रुपये झाले.

दुकानाविषयी सर्वांत आधी सांगायला हवे ते मालकांनी मजकुराची घेतलेली काळजी. कर्तव्यांचा मजकूर आम्ही एका जुन्या स्मरणिकेतून उतरवून दिला होता. तो संगणकावर घेण्यापूर्वी मालकांनी कलमे मोजली आणि अकरावे कर्तव्य कुठे आहे, असे विचारले. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने संविधानात दहा कर्तव्ये आली. सहा ते चौदा वर्षे वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी मिळवून देण्याचे पालकांचे कर्तव्य २००२ च्या ८६व्या दुरुस्तीने त्यांत जोडले गेले, आणि आमची स्मरणिका त्याआधीची होती. मालकांनी मुलीचे शाळेचे पाठ्यपुस्तक काढले आणि त्याच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेल्या मजकुराशी आमचा कागद ओळीने ताडून पाहिला. आमच्या इमारतीत वॉचमनची दोन शाळकरी मुले राहतात. त्यांच्या रोजच्या वाटेवर नेमके हेच कर्तव्य गाळलेला फलक लागला असता, हा विचार मला अजूनही बोचतो.

पहिले प्रूफ मात्र निराशाजनक होते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘सार्वभौम’मधील रफार सरकला होता आणि ‘श्रद्धा’ हा शब्द फुटला होता. त्याहून गंभीर चूक म्हणजे ‘राष्ट्राची एकता आणि एकात्मता’ यातील दुसरा शब्द पुनरुक्ती समजून काढून टाकलेला होता. ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दांबरोबर ‘एकात्मता’ हा शब्दही ४२व्या दुरुस्तीनेच उद्देशिकेत आला आहे. छापखान्यात बसून तो गाळण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुरुस्ती विनातक्रार आणि जादा पैसे न घेता झाली, परंतु त्यात तीन दिवस गेले आणि फलक २४ तारखेऐवजी २५ च्या संध्याकाळी लागले. उद्देशिकेच्या शेवटी २६ जानेवारी १९५० ही तारीख का नाही, असे आमच्याच एका सभासदाने विचारले होते. संविधान अंगीकृत झाले २६ नोव्हेंबर १९४९ रोजी आणि उद्देशिकेत तीच तारीख आहे, एवढे सांगितल्यावर त्यांचे समाधान झाले.

लाकूडकाम सुबक आहे, कोपरे घट्ट जुळलेले आहेत. काच मात्र साधी असल्याने ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते आणि उद्देशिकेच्या वरच्या दोन ओळी समोरून वाचता येत नाहीत. चकाकी नसलेली काच मिळते, हे दुकानाने आधी सांगायला हवे होते. कर्तव्यांची अक्षरेही थोडी मोठी हवी होती, कारण हा फलक आम्ही मुद्दाम मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावला आहे.

या दुसऱ्या फलकासाठी मी आग्रह धरला होता. कर्तव्य पाळले नाही म्हणून केवळ अनुच्छेद ५१क च्या आधारे कोणाला शिक्षा होत नाही. म्हणून ही कर्तव्ये माणसांच्या रोजच्या नजरेत असणे मला फार महत्त्वाचे वाटते. लिफ्टची वाट पाहणारी माणसे आता ती वाचतात. वने, नद्या यांच्याबरोबर सरोवरांच्या रक्षणाचाही त्यात उल्लेख आहे, हे वाचून कचराळी तलावावर रोज फेरी मारणाऱ्या आमच्या एका आजोबांनी मला थांबवून ती ओळ पुन्हा मोठ्याने वाचून दाखवली.

असे फलक करून घ्यायचे असतील, तर या दुकानात किमान पंधरा दिवस आधी जावे, मजकूर शासनाच्या मराठी आवृत्तीवरून घ्यावा, आणि अंतिम प्रूफ दोघांनी, एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने अक्षरावर बोट ठेवून तपासल्याशिवाय छपाईला संमती देऊ नये.